आमच्या आळीचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्हीच बोलायचे. विषय अगदी सोपा ठेवला आहे. आपली जुनी आळी आणि तुमचे लहानपण." मी म्हटले, "अहो, मला कुठले भाषण येते? फार तर पुरणाला गूळ किती घालावा ते सांगेन." त्या हसल्या, चहा घेतला आणि उठल्या त्या माझा होकार पदरात घेऊनच. तेव्हा आज मी येथे उभी आहे ती वक्ती म्हणून नव्हे. याच गावात जन्मलेली, याच गावात दिलेली आणि सत्तरी ओलांडलेली एक बाई म्हणून चार शब्द सांगणार आहे. चुकले माकले तर सांभाळून घ्या.

लिहायला बसले तेव्हा आठवणी नुसत्या धावून आल्या. भोंडला, सागरगोटे, अगस्तीची यात्रा, वाळवणाच्या खाटेवरून पळवलेल्या कुरडया. चार पाने भराभर भरली. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिली, तर सारे गोडच गोड. जणू आमच्या आळीत कोणी कधी कोणाचे मन दुखवलेच नाही! मला माझीच शंका आली. पुन्हा वाचताना ध्यानात आले की प्रत्येक आठवणीत कुठे ना कुठे पाणी आहे. कुठे आड आहे, कुठे घाट, कुठे पूर. आणि पाण्याचीच एक आठवण मी गाळली होती. ती मुद्दाम गाळली नव्हती, हात आपोआप तिच्या बाजूने निघून गेला होता. आज ती सांगणार आहे. पण आधी आळी कशी होती ते सांगते, म्हणजे तरुण मुलींना उमज पडेल.

आपल्या गावाचे नाव अकोले. पण इंग्रजी अमदानीत ते 'अकोला' असेही लिहीत. १८८४ साली निघालेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात तसेच आहे. त्यामुळे आमच्या लहानपणी मोठी मौज होई. वऱ्हाडातले अकोला मोठे, रेल्वेच्या मार्गावरचे. पत्त्यावर कोणी जिल्हा लिहायला विसरले की आमचे पत्र आधी वऱ्हाडची हवा खाऊन येई. एकदा मुंबईच्या मामांचे पत्र आले, "मी सोमवारी पोहोचतो." ते आम्ही वाचले तेव्हा मामा येऊन, आठ दिवस राहून परत गेलेले होते! त्या वेळी जिल्हा अहमदनगर होता, २०२४ पासून तो अहिल्यानगर झाला. नावे बदलतात, पत्रे मात्र आता कोणी लिहीतच नाही.

नगर जिल्हा म्हटला की बाहेरच्यांना दुष्काळ आठवतो. आपला तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे, आपल्याच तालुक्यात. रतनगड आणि हरिश्चंद्रगडही आपलेच. घाटघरकडे पाऊस असा कोसळतो की दिवसाचे दिवस सूर्य दिसत नाही. आणि तालुक्याच्या पूर्वेच्या गावांत त्याच वेळी माणसे आभाळाकडे बघत बसलेली असतात. एकाच तालुक्यात भातही आहे आणि बाजरीही. आमच्या आळीला हे सारे बाजारच्या दिवशी दिसे. डांगाणातून महादेव कोळी आणि ठाकर बायका पहाटेच्या निघून पायी येत. पाटीत नागली, वरई, हिरडा. वैशाखात करवंदे आणि जांभळे. बाजार उरकला की त्या आमच्या ओट्यावर भाकरी सोडत. आजी त्यांना कांदा देई, लोणच्याची फोड देई आणि डोंगरातल्या गोष्टी ऐके.

आमच्या आळीतल्या जुन्या वाड्यांची दारे जाडजूड होती. मागे आडणा, वर लोखंडी खिळे. "एवढी जाड दारे कशाला?" असे मी आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "राघोजीच्या भीतीने." देवगावचे राघोजी भांगरे सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध उठले होते. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्यास फाशी झाली. आळीतल्या माणसांना ते नाव भीतीचे होते. पण त्याच ओट्यावर भाकरी खाणाऱ्या कोळी आजीबाईला मी तेच विचारले, तेव्हा ती ताठ बसली आणि म्हणाली, "राघोजी आमचा राजा हुता." त्या वेळी मला ते कळले नाही. आता वाटते, गावाचा इतिहास हा त्या दारासारखाच असतो. आतून पाहाल तर एक, बाहेरून पाहाल तर दुसरा.

असो. आता पाण्याकडे येते.

आमच्या वाड्याच्या चौकात आड होता. वर सागवानी रहाट, त्याला सोल आणि सोलाला पितळी पोहरा. पहाटे कोंबड्याच्या आधी रहाट करकरू लागे. त्या आवाजावरून कोणत्या घरची सून उठली हे आजी अंथरुणातूनच सांगे. ओढ लांब असली तर मोठ्या घरची, आणि दोन हिसक्यांत पोहरा वर आला तर ती नवी सून, सासूच्या धाकातली! उन्हाळ्यात पाणी खोल गेले की सोलाला सोल जोडावा लागे. पोहरा आडात पडला तर आळीभर गळ शोधत फिरावे लागे, आणि तो गळ ज्यांच्याकडे असे त्या काकूंचा तोरा त्या दिवशी पाहून घ्यावा.

धुणे मात्र नदीवर. आपल्या तरुण मुलींना नदी म्हणजे पुलावरून दिसते तेवढीच ठाऊक. आम्हाला ती घराची मागची खोलीच होती. सिद्धेश्वराचे जुने हेमाडपंती देऊळ नदीकाठी. देऊळ एके काळी गाळात बुजले होते आणि मागाहून उकरून काढले, असे जुनी माणसे सांगत. आम्ही मुली त्या काळ्या दगडाला हात लावून म्हणायचो, हा दगड नदीच्या पोटात राहून आला आहे. गावात गंगाधरेश्वराचे पेशवाईतले देऊळ, आणि थोड्या अंतरावर प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम. महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरे. आम्ही पिपाण्या आणि रेवड्या घेऊन धुळीने पांढऱ्या होऊन परत येत असू.

नदीवर बसायला एक क्रम होता. तो कोठे लिहिलेला नव्हता, पण चार वर्षांच्या पोरीलाही पाठ होता. सर्वांत वर पिण्याचे पाणी भरायचे. त्याखाली आंघोळी. त्याखाली धुणी. त्याखाली गुरे. आणि गुरांच्याही खाली, वळणापलीकडे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका पाणी भरत. भगिनींनो, पाणी वरून खाली वाहते. म्हणजे आमच्या साऱ्या गावाची धुणी आणि गुरे धुऊन झालेले पाणी त्यांच्या घागरीत जाई. आम्ही कधी त्याचा विचार केला नाही. नदीच तशी वाहते, असे आम्हाला वाटे.

या प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. रतनगडाच्या कुशीत ती उगम पावते आणि पुढे नेवाशाच्या खाली गोदावरीला मिळते. देवदैत्यांनी समुद्र घुसळून अमृत काढले आणि मोहिनीने ते पंगतीत वाढले, ही कथा नेवाशाच्या मोहिनीराजाच्या देवळाशी जोडलेली आहे. त्या कथेत अमृतसुद्धा पंगत पाहूनच वाढले गेले होते! आणि आपले अगस्ती ऋषी तर अख्खा समुद्र एका आचमनात प्यायले. ज्या गावाच्या ऋषीने समुद्र प्यावा, त्या गावात काही माणसांना ओंजळभर पाण्यासाठी दारात तिष्ठावे लागे. हे मी कोठल्या पुस्तकातून सांगत नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

१९६२ सालचा वैशाख होता. मी नऊ वर्षांची, मराठी शाळेत. उन्हाळ्यामुळे सकाळची शाळा होती. माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण त्या वळणापलीकडच्या वस्तीतली. तिचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले होते. नाव तिचे सांगत नाही, तिनेच नको म्हटले आहे. गणितात ती वर्गात पहिली आणि मी शेवटून चौथी. त्यामुळे मैत्री घट्ट असण्याला माझ्याकडे सबळ कारण होते! शाळेत आमचे मास्तर कडक होते. "येथे सारी मुले सारखी," असे ते म्हणत आणि तसेच वागवीत.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर माझे गणित पुरे करून द्यायला ती माझ्याबरोबर आळीत आली. ओट्यावर बसून तिने गणित सोडवले. ऊन रणरणत होते. ती म्हणाली, "पाणी दे ना गं." मी आत धावले आणि पितळी पेला भरून आणू लागले. तेवढ्यात आजी पुढे आली. माझ्या हातातला पेला तिने काढून घेतला. रागावली नाही, ओरडली नाही. तांब्या घेऊन ती बाहेर गेली आणि माझ्या मैत्रिणीला म्हणाली, "पोरी, खाली मोरीपाशी उभी राहा." ती उतरली. तिने ओंजळ केली. आजीने ओट्यावरून, हातभर उंचीवरून पाण्याची धार सोडली. अर्धे पाणी ओंजळीत पडले, अर्धे तिच्या कोपरांवरून झग्यावर. ती प्याली. तोंड पुसले. माझ्याकडे पाहिले. मी पाटीकडे पाहत होते. ती गेल्यावर ती बसली होती त्या जागेवर आजीने पाणी शिंपडले.

एवढीच गोष्ट. कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. पण ती पुन्हा आमच्या ओट्यावर आली नाही. शाळेत बसायची माझ्याच शेजारी, गणितही सांगायची. पण त्या दिवसापासून तिच्या दप्तरात पाण्याची एक लहान बाटली असे. औषधाची असावी. ती पुढे कधी कोणाकडे पाणी मागताना मला दिसली नाही.

आता माझी आजी कशी होती तेही सांगते, नाही तर तुम्ही तिला दुष्ट समजाल. ती दाराशी आलेल्या भिक्षेकऱ्याला रिकामे पाठवीत नसे. बाळंतिणीकडे न बोलावता जाई. रोज पहाटे ज्ञानेश्वरीच्या ओव्या म्हणे. आणि ती ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये, याच प्रवरेच्या काठी. आमच्या आळीत तिच्यासारख्याच साऱ्या होत्या. म्हणूनच हे सांगायचे. दुष्ट माणसांनी केलेली गोष्ट सांगायला सोपी असते. चांगल्या माणसांनी केलेली सांगताना जीभ अडखळते.

आणि कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. डॉक्टर आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीने घेतले. पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले, तेव्हा माझी आई त्यांच्यासाठी देवाला हात जोडत होती, असे तीच सांगे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदाही झाला. आमच्या ओट्यावर हे घडले तेव्हा तो कायदा सात वर्षांचा होता आणि मी नऊ वर्षांची. दिल्लीहून निघालेला कायदा आमच्या आळीच्या तोंडाशी येऊन थांबला होता. उंबरा ओलांडून त्याला आत घ्यायचे काम आम्हा बायकांचे होते, कारण हंडे आमच्या हातात होते.

आता तुम्हाला थोडे वर नेते, भंडारदऱ्याला. प्रवरेवरच्या त्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. जवळजवळ अकरा अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. धरण आपल्या तालुक्यात, डोंगर आपले, पाऊस आपला. पण कालवे निघाले ते खाली, संगमनेरच्याही पुढे, ओझरच्या बंधाऱ्यापासून. त्या पाण्यावर खालच्या भागात ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला आणि १९५० च्या सुमारास त्याचे धुराडे पेटले. फार मोठे काम झाले, त्याचा अभिमान साऱ्या महाराष्ट्राला आहे. पण आमच्या लहानपणी आळीतल्या ओट्यावर पुरुषमंडळी बसली की बोलणे येई ते एकच. "पाणी आपल्या डोळ्यांसमोरून जाते आणि आपल्याला हात लावता येत नाही." आवर्तन सुटले की नदी दुथडी वाही आणि काठावरची बाजरी वाळत असे. माझे वडील हे बोलताना त्यांचा गळा दाटून येई.

निळवंड्याचे धरण होऊन त्याच्या कालव्यात पाणी सुटायला २०२३ साल उजाडले. तोवर किती पिढ्या हेच वाक्य बोलत गेल्या! मी ते शेकडो वेळा ऐकले असेल. पण भाषण लिहिताना प्रथमच मनात आले, की हेच वाक्य त्या वळणापलीकडच्या वस्तीतली एखादी बाई आमच्या आडाकडे पाहून बोलत असली पाहिजे. "पाणी डोळ्यांसमोर आहे आणि हात लावता येत नाही." आम्ही आमच्यावरचा अन्याय इतका नीट ओळखत होतो, तोच आम्ही दुसऱ्यावर करीत होतो, तो मात्र दिसला नाही.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला आणि १९७३ चा उन्हाळा काही विचारू नका. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी खडी फोडण्याची कामे, लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी पाहिली असेल, निदान सासूच्या तोंडून ऐकली असेल. मी तेव्हा वीस वर्षांची होते. आमच्या वाड्याचा आड माझ्या आठवणीत प्रथमच आटला. पोहरा खाली जाई आणि दगडावर आपटून रिकामा वर येई. नदीच्या पात्रात नुसती वाळू. वरून पाणी सुटेल तेव्हा सुटेल.

अशा वेळी वाळूत झिरे काढून पाणी काढावे लागते. आमच्या आळीतल्या बायकांना ती विद्या कोठली? आम्हाला रहाट ओढणे ठाऊक. पण वळणापलीकडच्या बायकांना ती चांगली अवगत होती, कारण दर उन्हाळ्यात त्यांना तेच करावे लागे. कोठली वाळू उकरली तर पाणी लागेल, कडेला दगड कसे लावले तर झिरा ढासळत नाही, गढूळ पाणी किती वेळा उपसून टाकावे म्हणजे खाली स्वच्छ पाणी साठते, हे त्यांना डोळे मिटून येई. एका सकाळी आई आणि मी हंडे घेऊन वळणापलीकडे गेलो. वर, घाटापाशी, आमच्या लोकांनी खणलेल्या खड्ड्यात चिखल होता. खाली त्यांच्या झिऱ्यात निवळ पाणी होते.

माझ्या मैत्रिणीची आई झिऱ्यापाशी बसली होती. हातात वाटी. वाटीवाटीने पाणी घागरीत भरीत होती. आम्ही जाऊन उभ्या राहिलो. काही क्षण कोणीच बोलले नाही. मागायचे कसे, हेच आम्हाला येईना. आम्ही कधी मागितलेच नव्हते. तिने मान वर केली आणि आईला विचारले, "बाई, वाटी माझी हाय. तुमच्या हंड्याला हात लागंल. चालंल का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हेच मला आजही सोसत नाही. ती खरोखरच विचारत होती. आई खाली वाळूत बसली. म्हणाली, "भरा." आणि मग तिनेही वाटी मागून घेतली आणि दोघी मिळून भरू लागल्या. एक हंडा भरायला अर्धा तास लागला असेल.

घरी आल्यावर आजीने विचारले, "पाणी कुठले?" मला वाटले, आई सांगेल घाटावरचे. पण आईने खरे ते सांगितले. आजी गप्प राहिली. मग म्हणाली, "दे." पेला भरून दिला तो ती प्याली. पुढे तीन आठवडे ते पाणी प्याली. त्यावर ती एक शब्द बोलली नाही, आम्हीही विचारले नाही.

गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते! कीर्तनकाराला शोभेल असा शेवट होता. पण मला खरे सांगायचे आहे. पाऊस आला. आड भरला. रहाट पुन्हा करकरू लागला. आणि आमच्यापैकी एकीनेही वळणापलीकडे जाऊन सांगितले नाही, की आता तुम्ही आमच्या आडावर या. त्यांनी तीन आठवडे आम्हाला पाणी दिले. आम्ही भरलेल्या आडावर पुन्हा आमचाच सोल टाकला. आईला वाटत असावे. मला तर नक्की वाटत होते. पण आधी कोणी बोलायचे? अशी वाट पाहता पाहता गावात नळ आले, आड मागे पडले आणि तो प्रश्न न सोडवताच आम्ही त्यातून मोकळ्या झालो. नळाने जे केले त्याचे श्रेय आम्ही घेऊ नये.

काळ बदलला हे खरेच. याच तालुक्यातून दादासाहेब रूपवते पुढे आले आणि आज अकोल्याच्या विज्ञान महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्या वर्गांत आपल्या साऱ्यांच्या नाती एका बाकावर बसतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला, तेव्हा आपण साऱ्यांनी पेढे वाटले. डोंगरातल्या एका बाईने मडक्यांत आणि राखेत बी जपले, म्हणून ते उरले. आठवणींचेही तसेच आहे. जपल्या तर उरतात. आणि जपायचे तर गोड बी तेवढे ठेवून कडू टाकून देता येत नाही.

हे भाषण लिहून झाल्यावर मी माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, आता मुलाकडे नाशिकला असते. अधूनमधून आमचे बोलणे होते, पण त्या दिवसाविषयी आम्ही साठ वर्षांत कधी बोललो नव्हतो. मी विचारले, "हे मंडळात सांगू का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "सांग. माझे नाव घालू नकोस. आणि तुझ्या आजीला फार वाईट म्हणू नकोस. तिने वरून का होईना, पाणी दिले. दुसऱ्या दारी तेही मिळत नव्हते." मी "बरे" म्हटले. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि एक राहिले. तू पाटीकडे बघत होतीस, तेही सांग."

भगिनींनो, ते मी सांगितले.

आता दोन मागण्या करते आणि पुरे करते. पहिली अशी की, आपल्या स्मरणिकेत दर वर्षी जुन्या आळीच्या आठवणी येतात, त्या फक्त आळीच्याच येऊ नयेत. वळणापलीकडच्या वस्तीत, ठाकरवाडीत, डांगाणातून येऊन स्थायिक झालेल्या घरांत अजून म्हाताऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे आपण वही घेऊन जावे, आणि त्या सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, लिहून घ्यावे. आपल्या दारांच्या बाहेरची बाजू त्यांनाच ठाऊक आहे. माझी तयारी आहे. गुडघे दुखतात, पण रिक्षा मिळते.

दुसरी मागणी लहान आहे. दर महाशिवरात्रीला अगस्तीच्या वाटेवर आपले मंडळ पाणपोई घालते. फार चांगले काम आहे. तेथे रांजणाशी लांब दांड्याचे ओगराळे असते आणि आपण वरून ओंजळीत धार सोडतो. गर्दी असते, पेले हरवतात, विसळायला वेळ नसतो, हे सारे मला ठाऊक आहे. त्यात कोणाच्या मनात काही नसते हेही ठाऊक आहे. पण दर वर्षी तेथे एखादी नऊ वर्षांची मुलगी ओंजळ पुढे करते आणि पाणी तिच्या कोपरांवरून ओघळते, तेव्हा मला उभे राहवत नाही. तेव्हा यंदा पेले आणू या. दोन डझन पेल्यांचे पैसे मी देते आणि विसळायलाही मीच बसते. माझे एक विसळायचे राहून गेले आहे.